तीनशे अठरावी ओळ

मेणाचे ब्लॉक. आत नखाएवढा आतड्याचा तुकडा,
गुलाबी नाही, पांढराही नाही,
विरजण बिघडलेल्या दह्याच्या रंगाचा.
न्यूकॅसलच्या तळघरात चौदा वर्षं पडून होते,
खोक्यावर कुणाचं तरी घाईतलं अक्षर:
फेकू नये.

फेकलं नाही कुणी.
मॉर्वेन ते कापते, श्वास रोखून,
कारण श्वासानंही चकती उडते.
माझ्यापर्यंत पोचतात ते नुसते आकडे.

आईला फोनवर सांगून पाहिलं होतं एकदा.
म्हटलं, मिसळणाचा डबा प्रत्येक पेशीत तोच असतो गं,
मोहरीपासून हिंगापर्यंत सगळं भरलेलं.
पण आज फोडणीत काय पडलंय
ते डबा बघून कळत नाही. वास घ्यावा लागतो.
आई म्हणाली, म्हणजे तू लोकांच्या खिडकीखाली उभी राहून
कुणाचं करपणार ते सांगतेस?
आवाज तुटत होता.
मी म्हटलं, ऐकू येत नाहीये.

बासष्ट जनुकं.
कुठलं गप्प, कुठलं रात्रंदिवस बडबडणारं.
त्यांची बेरीज-वजाबाकी करून माणशी एक आकडा,
एका रेषेच्या अलीकडे हिरवा, पलीकडे लाल.
लाल म्हणजे, सर्जननं सगळं काढलं असलं तरी
परत येण्याची शक्यता जास्त.
शक्यता.
दिवसातून चाळीस वेळा टाइप करते मी हा शब्द,
खिशात राहून राहून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखा
आता त्याच्यावरचं काही वाचता येत नाही.

आलेख पायऱ्या पायऱ्यांनी उतरतो.
एक पायरी, एक माणूस. कधी दोन.
आणि मधे मधे बारीक उभ्या रेघा:
शेवटचं कळलं तेव्हा जिवंत होता.
पुढचं माहीत नाही.

गुरुवारी ॲशिंग्टनला गेलो, रुग्णांच्या बैठकीला.
हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास, पातळ चहा, क्रीमची बिस्किटं.
वॉल्टर रिडली, वय ऐंशी, आधी खाणीत, मग बागेत.
वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं लीक आणला होता,
माझ्या मनगटापेक्षा जाड, खाली पांढरीशुभ्र दांडी.
म्हणाला, दोन हजार नऊचा सप्टेंबर,
उजवीकडून फूटभर काढलं,
आणि प्रदर्शन शनिवारी! माझे लीक शेजाऱ्यानं नेऊन मांडले.
फॉर्मवर सही केली, म्हटलं, ठेवा तुम्हाला हवं ते,
मला काय करायचंय त्याचं.
मग चष्म्यावरून बघत:
म्हणजे मीपण आहे का गं तुझ्या त्या यादीत, पोरी?

नावं आमच्याकडे येत नाहीत, मी म्हटलं.
खरंच येत नाहीत.
पण सप्टेंबर, उजवी बाजू, वय सहासष्ट
अशी एकच ओळ आहे.
फाइल उघडायची गरज नव्हती.
लाल. रेषेच्या जवळपासही नाही, खूप पलीकडे.

तो सांगत होता, जूनमध्ये पान बघून
कुठला फुगणार ते बिल ओळखायचा,
दहात सात वेळा.
बाकी तीन? मी विचारलं.
बाकी तीन वेळा तो माझ्याशी आठवडाभर बोलायचा नाही.

आमचंही साधारण तेवढंच येतं, दहात सात.
हे मी बोलले नाही. बिस्किट चहात पडलं, ते काढत बसले.

सोमवारी ओळ तशीच ठेवली, लाल,
पुढे ती बारीक उभी रेघ.
मॉडेल खोटं बोललं नव्हतं, ते शक्यताच म्हणालं होतं.
कुणी विचारलं तर हेच सांगेन.

लीक रविवारीच चिरला होता.
प्रत्येक थरात काळी माती,
तिसऱ्यांदा धुतला तरी दाताखाली कचकच लागली.